मोटार घरी, मालक परगावी

सुट्टीचे दिवस जवळ येऊ लागले की घराघरांतून प्रवासाची तयारी सुरू होते. गॅस बंद केला का, नळ नीट फिरवला का, दूधवाल्याला आणि वर्तमानपत्रवाल्याला सांगितले का, दागिने लॉकरमध्ये ठेवले का, अशी एक यादी गृहिणीच्या मनात तयार असते. या यादीत दाराशी उभ्या असलेल्या मोटारीच्या वाट्याला मात्र फारसे काही येत नाही. जाता जाता रिमोटचे बटण एकदा दाबले, दिवे लुकलुकले, की आपण निश्चिंत होतो. वस्तुतः घराखालोखाल सर्वसामान्य कुटुंबाची सर्वांत महागडी खरेदी म्हणजे मोटार. पुष्कळदा ती कर्ज काढून, काटकसर करून आणि मोठ्या हौसेने घेतलेली असते. मग ती घरी ठेवून परगावी जाताना तिच्यासाठी वेगळी दक्षता कोणती घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एक प्रसंग

दिल्लीतील आमच्या शाखेत कर्ज विभागात काम करीत असताना घडलेला एक प्रसंग मला या संदर्भात नेहमी आठवतो. केंद्र सरकारच्या सेवेत असलेले, मूळचे सातारा जिल्ह्यातील एक ग्राहक होते. ग्राहकाची माहिती गोपनीय राखणे हे बँकेचे कर्तव्य असल्याने त्यांचे नाव येथे दिलेले नाही आणि आकडेही ठोकळ घेतले आहेत. गणेश चतुर्थीच्या मुहूर्तावर आमच्याकडून कर्ज घेऊन त्यांनी आयुष्यातील पहिली मोटार खरेदी केली होती. दोन वर्षांनंतरच्या दिवाळीत ते सहकुटुंब अकरा दिवसांसाठी रेल्वेने गावी गेले. गाडी वसाहतीच्या फाटकाच्या आत, नेहमीच्या जागी, व्यवस्थित कुलूपबंद होती.

बाराव्या दिवशी पहाटे टॅक्सीतून सामान उतरवताना ती जागा रिकामी दिसली. रखवालदाराला विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘‘मला वाटले, साहेबच गाडी घेऊन गेले.’’ शेजाऱ्यांनीही जागा रिकामी पाहिली होती. गाडी दुरुस्तीला दिली असेल, असा त्यांचा समज झाला. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. परंतु आपण रेल्वेने जात आहोत आणि गाडी येथेच राहणार आहे, हे साहेबांनी कोणालाच सांगितले नव्हते.

त्याच दिवशी दुपारी पोलिसांतील तक्रारीची प्रत घेऊन ते शाखेत आले. त्यांच्या फास्टॅगच्या खात्याचा उतारा काढला, तेव्हा एक नोंद समोर आली. सुट्टीच्या चौथ्या दिवशी पहाटे, दिल्लीपासून बऱ्याच दूरच्या एका टोलनाक्यावर पैसे वजा झाले होते. तसा संदेशही त्यांच्या मोबाईलवर त्याच वेळी आलेला होता. दिवाळीच्या शुभेच्छांच्या गर्दीत तो उघडून पाहिलाच गेला नाही. गाडी गेल्याची बातमी आठवडाभर त्यांच्या खिशात पडून होती.

हा संदेश दाखवताना त्या गृहस्थांचा चेहरा कसा झाला होता, ते मी विसरू शकत नाही. गाडीचा तपास पुढेही लागला नाही.

या प्रसंगातून माझ्या मनावर एक गोष्ट पक्की ठसली. आपण गावात असताना गाडी चोरीला गेली तर सकाळी कळते. आपण परगावी असताना गेली तर आठ-दहा दिवसांनी कळते. तोवर गाडी राज्याच्या सीमा ओलांडून गेलेली असते, क्रमांकपट्टी बदललेली असते, कदाचित तिचे सुटे भागही झालेले असतात. सुट्टीतील चोरीचे खरे वैशिष्ट्य म्हणजे हा विलंब होय. म्हणून परगावी जाताना घ्यावयाच्या प्रत्येक दक्षतेचा हेतू दुहेरी असावा. चोराला काम करण्यास अधिक वेळ लागला पाहिजे आणि चोरी झालीच, तर ती आपणांस कळण्यास कमीत कमी वेळ लागला पाहिजे.

चोराची अडचण वाढवावी

देशाच्या राजधानीत वाहनचोरीच्या तक्रारी इतर महानगरांहून अधिक होतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांतून वर्षानुवर्षे दिसत आले आहे. परंतु हा प्रश्न केवळ दिल्लीचा नाही. इंदूर असो, हैदराबाद असो वा पुणे, चोरांची साधने सारखीच आहेत.

पूर्वी काच फोडून आणि तारा जोडून गाडी पळवीत असत. आता बहुतेक गाड्यांच्या किल्लीत एक चिप असते आणि ती ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. त्यामुळे चोरांनीही आपली रीत बदलली. गाडीतील बिघाड तपासण्यासाठी सुकाणूखाली एक जोडणी दिलेली असते. तिला यंत्र लावून नवी किल्ली ओळखवून घेणे, ही त्यांतील एक रीत. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत दुसरी रीत आढळते. एक जण घराच्या दाराजवळ यंत्र घेऊन उभा राहतो, आत खुंटीवर टांगलेल्या किल्लीचा संकेत पकडतो आणि गाडीजवळ उभ्या असलेल्या साथीदाराच्या यंत्राकडे पाठवतो. किल्ली जवळच आहे असे गाडीला वाटते व दार उघडते.

या दोन्ही रीतींवरील उपाय साधे आहेत. सुकाणूला किंवा गिअरला लावण्याचे कुलूप आणि चाकाला घालण्याचा अडसर ही जुनी लोखंडी साधने आजही उपयोगाची आहेत, कारण कोणत्याही यंत्राच्या संकेताने ती उघडत नाहीत. ती कापावी लागतात. कापताना आवाज होतो आणि वेळ जातो. शेजारी बिनकुलपाची गाडी असेल, तर चोर आपली गाडी सोडून देण्याचाच संभव अधिक. सुकाणूखालील जोडणीलाही स्वतंत्र कुलूप बसवून मिळते. घरी राहणारी दुसरी किल्ली दाराजवळ न टांगता आतल्या खोलीत, संकेत बाहेर जाऊ न देणाऱ्या खास पाकिटात किंवा घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावी. डबा उपयोगी आहे की नाही, हे किल्ली त्यात घालून, डबा गाडीजवळ नेऊन आणि दार उघडते का ते पाहून स्वतःच तपासता येते.

पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने मान्यता दिलेले चोरीप्रतिबंधक साधन बसवून ते रीतसर प्रमाणित करून घेतले, तर विम्याच्या हप्त्यातील स्व-नुकसान भागावर अडीच टक्के, कमाल ५०० रुपये, अशी सूट २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात ठेवलेली होती. आपल्या विमा कंपनीकडे या सवलतीबाबत जरूर चौकशी करावी.

सुट्टीत बॅटरीची तार काढून ठेवावी का, असेही अनेक जण विचारतात. तसे केल्यास गाडी सुरू करणे थोडे अवघड होते हे खरे, पण धोक्याचा भोंगा आणि गाडीला जोडलेले मागोवा घेणारे यंत्र हीदेखील बंद पडतात. आठ-पंधरा दिवसांच्या सुट्टीत सुस्थितीतील बॅटरी सहसा उतरत नाही. म्हणून अशी साधने बसवलेली असल्यास तार काढण्याचा मोह टाळावा.

आपली नजर कोणावर सोपवावी

वाहनकर्जाच्या कागदपत्रांत ‘नजरगहाण’ असा एक शब्द असतो. सोने तारण ठेवले तर ते बँकेच्या तिजोरीत जाते. मोटार मात्र कर्जदाराच्याच ताब्यात राहते, तो ती वापरतो, आणि तिच्यावर बँकेचा हक्क नोंदलेला असतो. नाव नजरगहाण असले, तरी गाडीवर प्रत्यक्ष नजर असते ती मालकाचीच. तो परगावी गेला की ही नजर उठते. ती कोणाच्या तरी स्वाधीन करूनच जावे.

शेजारी राहणाऱ्या एका विश्वासू व्यक्तीला आणि रखवालदाराला नेमक्या शब्दांत सांगावे : ‘‘आम्ही अमुक तारखेपर्यंत नाही. गाडी येथेच राहील. कोणीही ती हलवणार नाही. जागेवर दिसली नाही, तर कोणत्याही वेळी मला दूरध्वनी करा.’’ रखवालदारांच्या पाळ्या बदलतात, म्हणून हीच सूचना क्रमांकासह फाटकावरील वहीत लिहवून घ्यावी. आमच्या ग्राहकाच्या वसाहतीत हे एवढे एक वाक्य लिहिलेले असते, तर चौथ्याच दिवशी सकाळी त्यांना दूरध्वनी गेला असता.

शेजाऱ्यांनी दिवसातून एकदा गाडी पाहून छायाचित्र पाठवावे, अशी विनंती करण्यातही संकोच नको. पुढच्या सुट्टीत त्यांच्यासाठी आपण तेच करू. गाडीवर आच्छादन घातले असेल, तर त्याचा एक कोपरा उचलून पाहण्यास सांगावे. धुळीने माखलेली काच, वायपरखाली साठलेली जाहिरातपत्रके आणि दारातील वर्तमानपत्रांचा ढीग या गोष्टी घर बंद असल्याची जाहिरात करतात. नेहमी गाडी पुसणाऱ्याला सुट्टीतही येण्यास सांगावे. मात्र त्याच्याकडे किल्ली देऊ नये. सहलीची छायाचित्रे समाजमाध्यमांवर परतल्यानंतर टाकली, तरी त्यांची गोडी कमी होत नाही.

शक्य असेल तर गाडी दिव्याच्या उजेडात आणि कॅमेऱ्याच्या टप्प्यात उभी करावी. तिच्या पुढे किंवा मागे दुसऱ्या सदस्याची गाडी राहील अशी रचना करता आली, तर अधिकच उत्तम.

खिशातील पहारेकरी

१५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून देशातील राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर चारचाकी वाहनांना फास्टॅग अनिवार्य झाला. टोल भरण्याची सोय म्हणून आपण त्याकडे पाहतो. परगावी असलेल्या मालकाला मात्र तो पहारेकऱ्याचेही काम देऊ शकतो. गाडी नाक्यावरून गेली की नाक्याचे नाव, वेळ आणि रक्कम यांचा संदेश येतो. चोराने पट्टी आधीच काढून टाकली तर हा उपयोग होणार नाही, हे मान्य. पण घाईत ती राहून गेली, तर गाडी कोणत्या दिशेने गेली याचा तो पहिला धागा ठरतो.

याकरिता तीन गोष्टी पाहाव्यात. फास्टॅगला जोडलेला मोबाईल क्रमांक चालू आहे आणि तो आपल्यासोबत प्रवासात असणार आहे, याची खात्री करावी. परदेशी जात असल्यास संदेश येत राहतील अशी व्यवस्था करावी किंवा त्या काळापुरता येथील नातेवाईकाला खाते पाहण्यास सांगावे. आणि बँकेचे संदेश दिवसातून एकदा तरी, घाई न करता वाचावेत. वाहन नोंदणीच्या ‘वाहन’ प्रणालीतही आपला चालू मोबाईल क्रमांक नोंदवलेला असावा, कारण चोराने नियम मोडला तर दंडाचा संदेश त्याच क्रमांकावर येतो.

गाडी हलताच मोबाईलवर सूचना देणारे उपग्रहाधारित यंत्र बसवले असल्यास निघण्यापूर्वी गाडी फाटकापर्यंत नेऊन सूचना येते का ते तपासावे. कित्येक ठिकाणी यंत्र असते, पण त्याचे वार्षिक शुल्क भरलेले नसते.

किल्ल्यांचा हिशेब

चोरीच्या दाव्यात विमा कंपनी मूळ किल्ल्यांचा संच मागते. नवी गाडी घेताना दोन किल्ल्या मिळाल्या असतील तर त्या दोन्ही दाखवाव्या लागतात. एक कमी असेल तर ती कोठे गेली, कधी हरवली, तेव्हा काय केले, असे प्रश्न उपस्थित होतात. म्हणून निघण्यापूर्वी दोन्ही किल्ल्या मोजाव्यात. एक आपल्यासोबत आणि दुसरी घरात सुरक्षित असावी. गाडीच्या कप्प्यात दुसरी किल्ली ठेवण्याची सवय काही जणांना असते. चोराला याहून मोठी मदत दुसरी नाही.

अरुंद गल्ल्यांच्या वसाहतींत गाड्या मागेपुढे कराव्या लागतात म्हणून रखवालदाराकडे किल्ली देऊन ठेवण्याची पद्धत आहे. ती मनुष्यस्वभावावर अविश्वास म्हणून नव्हे, तर जबाबदारी निश्चित करता येत नाही म्हणून टाळावी. वाहनाच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेणे, ही विमा पॉलिसीतील एक अट असते. किल्ली देणे अगदी अटळच असेल, तर ती एखाद्या नातेवाइकाकडे वा स्नेह्याकडे द्यावी.

हाच नियम गाडीतील कागदांना लागू आहे. मूळ नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आपल्या बोलण्यातील आरसी बुक, चोराच्या हाती लागल्यास त्याला तपासणी नाक्यांवर ते दाखवता येते. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या ॲपमधील प्रती ग्राह्य धरल्या जातात. तेव्हा मूळ कागद घरी ठेवावेत. चेकबुक, घराची किल्ली आणि पत्ता लिहिलेली पाकिटे हीदेखील गाडीतून काढून घ्यावीत.

विम्याचा कागद उघडून पाहावा

येथे एका गैरसमजाचा आवर्जून उल्लेख करावासा वाटतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीबरोबर तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा घेणे बंधनकारक झाले. पुष्कळ पॉलिसींत हा भाग तीन वर्षांचा, तर स्वतःच्या गाडीचे नुकसान व चोरी भरून देणारा भाग केवळ एका वर्षाचा असतो. पहिल्या पानावरील तीन वर्षांनंतरची तारीख पाहून मालक निर्धास्त राहतो. प्रत्यक्षात पहिल्या वर्षानंतर चोरीचे संरक्षण संपलेले असते. तृतीय पक्ष विमा आपल्या गाडीमुळे इतरांच्या झालेल्या हानीपुरता असतो. आपलीच गाडी चोरीस गेल्यास त्यातून एक रुपयाही मिळत नाही. म्हणून ‘स्व-नुकसान’ या शीर्षकापुढील तारीख वेगळी वाचावी. सुट्टीच्या मध्येच ती संपत असेल, तर निघण्यापूर्वीच नूतनीकरण करून घ्यावे. हा भाग स्वतंत्रपणे घेण्याचीही सोय सप्टेंबर २०१९ पासून उपलब्ध आहे.

दुसरा प्रश्न रकमेचा. चोरी झाल्यास आपण दिलेली किंमत परत मिळत नाही. पॉलिसीत लिहिलेले घोषित मूल्य, ज्याला आयडीव्ही म्हणतात, ते मिळते. मोटार विमा दरपत्रकानुसार उत्पादकाच्या विक्रीकिमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा होतो : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. त्यापुढील मूल्य उभयतांच्या संमतीने ठरते.

आमच्या ग्राहकाचे उदाहरण घेऊ. गाडीची किंमत ८,००,००० रुपये. नोंदणी, कर व विमा धरून खर्च ९,००,००० रुपये. त्यांपैकी दीड लाख स्वतःचे आणि साडेसात लाखांचे कर्ज, व्याज दरसाल ९ टक्के, मुदत ८४ महिने, हप्ता सुमारे १२,०६७ रुपये. चोरी झाली तेव्हा २६ हप्ते भरले होते आणि मुद्दलाची बाकी सुमारे ५,६५,८०० रुपये होती. पॉलिसीतील घोषित मूल्य ३० टक्के घसाऱ्यानंतर ५,६०,००० रुपये होते. त्यातून १,००० रुपयांची अनिवार्य वजावट होऊन मिळावयाचे ५,५९,००० रुपये. म्हणजे ज्या दिवशी गाडी गेली, त्या दिवशी विम्याची संपूर्ण रक्कम कर्जात जमा केली असती, तरीही ६,८०० रुपये देणे उरत होते.

दावा मंजूर होईपर्यंत त्यांनी आणखी चार हप्ते भरले. गाडी नसताना हप्ता भरणे किती जड जाते, हे सांगावयास नको. त्यामुळे अखेरीस कर्ज फिटून सुमारे २४,८०० रुपये त्यांच्या हाती आले. परंतु सव्वादोन वर्षांहूनही कमी काळ वापरलेल्या गाडीसाठी त्यांच्या खिशातून जवळजवळ ४,८७,००० रुपये गेले होते, आणि दाराशी गाडी नव्हती. स्व-नुकसानाचा विमा नसता, तर ५,६५,८०० रुपयांचे कर्जही त्यांना पगारातूनच फेडावे लागले असते.

ही तूट भरून काढण्यासाठी खरेदीच्या बिलाइतकी रक्कम देणारे ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ हे पूरक संरक्षण मिळते. ते साधारणपणे गाडीच्या पहिल्या काही वर्षांतच घेता येते. कर्जाची बाकी मोठी असणाऱ्या ग्राहकांनी त्याचा अवश्य विचार करावा. तसेच हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून घोषित मूल्य कमी लिहवून घेऊ नये. नुकसान झाल्यावर त्या बचतीची मोठी किंमत मोजावी लागते.

गाडी स्थानकावर वा हॉटेलात ठेवताना

काही जण गाडी विमानतळाच्या किंवा रेल्वे स्थानकाच्या वाहनतळावर ठेवून पुढे जातात. अशा वेळी अधिकृत, सशुल्क आणि नोंद ठेवणाऱ्या वाहनतळाचाच आश्रय घ्यावा. पावतीचे, उभ्या गाडीचे आणि तिने कापलेले अंतर दाखवणाऱ्या आकड्यांचे छायाचित्र काढून ठेवावे. मूळ पावती गाडीत ठेवू नये.

हॉटेलच्या सेवकाकडे किल्ली देऊन गाडी लावण्यास सांगितली असेल, तर एक न्यायनिर्णय लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९९८ मध्ये दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलातून अशी सोपवलेली मारुती झेन चोरीस गेली. पावतीवर ‘गाडी मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले होते. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, गाडी ताब्यात घेतल्यावर ती सुरक्षित परत देण्याची जबाबदारी हॉटेलची आहे, आणि आपला हलगर्जीपणा नव्हता हे सिद्ध केल्याशिवाय त्याला त्या छापील ओळीच्या आड लपता येणार नाही. म्हणून गाडी सोपवताना पावती अवश्य मागून घ्यावी. ताबा कोणाकडे होता, हे तीच सांगते.

चोरी झालीच तर

इतके करूनही दुर्दैवाने गाडी गेलीच, तर वेळ दवडू नये. गावी आहोत, चार दिवसांनी परतल्यावर पाहू, असा विचार करू नये. ११२ या क्रमांकावर तत्काळ कळवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, त्याची माहिती अन्य ठाण्यातही देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिल्यास तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. म्हणजे गाडी दिल्लीत आणि आपण साताऱ्यात असलो, तरी तक्रारीसाठी दिल्लीला पोहोचण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दिल्ली पोलिसांनी तर वाहनचोरीसाठी ऑनलाइन प्रथम माहिती अहवालाची सोय २०१५ मध्येच केली होती.

तक्रारीत नोंदणी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि सतरा अक्षरांचा चॅसिस क्रमांक द्यावा लागतो. ही माहिती मोबाईलमध्ये जतन करून ठेवावी. फास्टॅग लगेच बंद करू नये. पुढील नाक्यावरची नोंद तपासाला उपयोगी पडू शकते, म्हणून पोलिसांना विचारूनच निर्णय घ्यावा.

विमा कंपनीलाही त्याच दिवशी लेखी कळवावे. पोलिसांत वेळेवर तक्रार केली असेल, तर केवळ कंपनीला कळवण्यास उशीर झाला या कारणास्तव खरा दावा नाकारता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २४ जानेवारी २०२० रोजी दिला. तो एका ट्रॅक्टरच्या चोरीचा खटला होता. तक्रार त्याच दिवशी झाली होती, पण विमा कंपनीला दीड महिन्याहून अधिक काळाने कळवले गेले होते. हा निर्णय ग्राहकाला दिलासा देणारा असला, तरी त्या मालकाला न्यायासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हेही विसरू नये. एका ई-मेलने ते टळू शकते.

तिसरी सूचना बँकेला द्यावी. चोरीमुळे कर्ज थांबत नाही. हप्ते थकल्यास व्याज वाढते आणि पतनोंदीवर परिणाम होतो. गाडी नजरगहाण असल्याने विम्याची रक्कम प्रथम कर्जखात्यात येते. पोलिसांचा तपास न लागल्याचा अहवाल, दोन्ही किल्ल्या, नोंदणी प्रमाणपत्र, मालकी हस्तांतरणाचे २८, २९ व ३० क्रमांकांचे सही केलेले नमुने आणि विमा कंपनीला हक्क देणारे पत्र अशी कागदपत्रे लागतात. कर्जाच्या बाकीचे पत्र शाखा देते, आणि कर्ज फिटल्यावर बँकेचा बोजा उतरवणारा ३५ क्रमांकाचा नमुनाही देते. शाखेतील सहकाऱ्यांनाही एक विनंती आहे. असा ग्राहक समोर आला की कागदांची यादी देण्यापूर्वी त्याला बसावयास सांगावे. त्याची नुसती मालमत्ता गेलेली नसते, त्याच्या घरातले एक माणूस गेल्यासारखे त्याला वाटत असते.

निघण्यापूर्वी दहा मिनिटे

१. स्व-नुकसान विम्याची अखेरची तारीख आणि घोषित मूल्य वाचावे.
२. दोन्ही किल्ल्या मोजून योग्य जागी ठेवाव्यात.
३. मूळ कागद, चेकबुक व मौल्यवान वस्तू गाडीतून काढाव्यात.
४. सुकाणूचे, गिअरचे किंवा चाकाचे कुलूप लावावे.
५. शेजारी व रखवालदार यांना गाडी येथेच राहणार असल्याचे सांगून वहीत नोंद करावी.
६. फास्टॅगचा व ‘वाहन’ प्रणालीतील मोबाईल क्रमांक तपासावा.
७. गाडीची छायाचित्रे, चॅसिस व इंजिन क्रमांक आणि विमा कंपनीचा दूरध्वनी क्रमांक मोबाईलमध्ये ठेवावा.
८. प्रवासात बँकेचे संदेश रोज वाचावेत.

पुढे दोन वर्षांनी तेच ग्राहक दुसऱ्या गाडीच्या कर्जासाठी शाखेत आले. अर्जावर सही करण्यापूर्वी त्यांनी व्याजदर विचारला नाही, हप्ताही विचारला नाही. ‘‘फास्टॅगला माझा आताचाच नंबर लागला आहे ना?’’ एवढेच त्यांनी विचारले, आणि मी तो त्यांच्यासमोरच तपासून दाखवला.